कैरोच्या गेनिझातला साधा कागद कसा वाचायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मोडी बऱ्यापैकी वाचता येतं, कैरोच्या गेनिझातल्या कागदांची छायाचित्रं पाहिली आहेत, पण धर्मग्रंथांच्या पानांत तुम्हाला रस नाही. कर्ज, भागीदारी, लग्न, हिशेब असला रोजचा कागद समोर आला तर तो कशाचा आहे हे ओळखायचं कसं? आणि आपल्या किनाऱ्याचं त्यात काही सापडतं का?

बरीच वर्षं हेच कागद वाचतोय, आणि सुरुवात मीही मोडीपासूनच केली होती. म्हणून उत्तर लांबलं तर समजून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे 'दफ्तर' हा शब्द डोक्यातून काढून टाका. पेशवे दफ्तर कुणीतरी मुद्दाम सांभाळलं. रुमाल बांधले, प्रांतवार लावले, उद्या वाद निघाला तर कागद दाखवता यावा म्हणून ठेवले. गेनिझाचं उलटं आहे. जुन्या कैरोत, म्हणजे फुस्तातमध्ये, बेन एझ्रा नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. देवाचं नाव लिहिलेला कागद ज्यू माणूस केरात टाकत नाही, आणि हळूहळू ही मर्यादा हिब्रू अक्षरात लिहिलेल्या कुठल्याही कागदाला लागू झाली. जीर्ण झालेले, नको झालेले कागद सिनेगॉगच्या एका बंद खोलीत टाकून द्यायचे, तीच गेनिझा. आपल्याकडे देवाला वाहिलेली फुलं उकिरड्यावर टाकत नाहीत, निर्माल्य म्हणून वेगळी ठेवतात, तसं हे कागदांचं निर्माल्य. फरक एवढाच की ते पाण्यात सोडलं गेलं नाही. इजिप्तच्या कोरड्या हवेत ते आठ-नऊशे वर्षं पडून राहिलं. १८९६–९७ च्या हिवाळ्यात सॉलोमन शेख्टर या केंब्रिजच्या ज्यू विद्वानांनी त्यातला मोठा साठा केंब्रिजला नेला. आज तिथे सुमारे १ लाख ९३ हजार तुकडे आहेत. उरलेले ऑक्सफर्ड, मँचेस्टर, न्यूयॉर्क, सेंट पीटर्सबर्ग असे विखुरलेत.

निर्माल्य म्हटल्यावर वाचण्याची पद्धतच बदलते. घरात जपायचा कागद, म्हणजे चालू असलेलं कर्जखत किंवा राहत्या घराचं खरेदीखत, कुणी इथे टाकणार नाही. टाकला जायचा तो काम संपलेला कागद : फेडलेल्या कर्जाचं चिरलेलं खत, कच्चा मसुदा, मेलेल्या माणसाची पत्रं, जुनी याद. त्यामुळे तुमच्या हातातला कागद कुणीतरी निरुपयोगी ठरवलेला आहे, एवढं गृहीत धरून सुरुवात करायची. सह्या नसल्या तर घाबरायचं नाही, तो बहुधा लेखनिकाचा मसुदा असतो. आणि आडवा छेद दिलेला दिसला तर 'खराब झालंय' म्हणून पुढे जायचं नाही, तो छेदच एखाद्या व्यवहाराचा शेवट असू शकतो.

आता भाषा. अक्षरं हिब्रू, पण भाषा बहुतेक वेळा अरबी. त्याला ज्युदेओ-अरबी म्हणतात. फुस्तातचा ज्यू व्यापारी घरात, बाजारात अरबीच बोलायचा, लिहायला बसला की हिब्रू अक्षरं वापरायचा. इथे मराठी माणसाला, त्यातही मोडी वाचणाऱ्याला, एक फुकटचा फायदा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. निम्मा बाजार तुम्हाला आधीच माहीत आहे. वकील, दलाल, जामीन, रहन, हवाला, हिशेब, खर्च, तारीख, शर्त, हक्क, वारस हे सगळे शब्द त्या कागदांत जसेच्या तसे भेटतात, कारण आपण ते फारसीमार्गे तिथूनच घेतले. 'नाखुदा' म्हणजे जहाजाचा धनी, तो आपल्या कोळीवाड्यातला नाखवा. कर्जरोख्याला जुन्या मराठीत 'कतबा' म्हणत, आणि ज्यू लग्नाच्या कराराला म्हणतात 'केतुबा'. एक अरबी, दुसरा हिब्रू, पण दोन्हींच्या पोटात 'लिहिणे' हाच धातू. आणि मोडी कागदांवरचा शुहूर सन (अरबी आकड्यांत लिहिलेलं वर्ष) वाचायला शिकताना पाठ केलेलं इसन्ने, सलास, अर्बा, खमस आठवतंय ना? 'खमस अर्बैन मया व अलफ' म्हणजे ११४५ हे ज्याला कळतं, त्याला गेनिझातल्या व्यापाऱ्याचे आकडे अर्ध्या तासात ऐकू येऊ लागतात. 'ऐकू येतात' हे मुद्दाम म्हटलं. अक्षरं लावा आणि मोठ्याने वाचा. डोळ्याला परकी वाटणारी ओळ कानाला ओळखीची निघते.

अक्षरं फक्त बावीस. मोडीपेक्षा सोपी, कारण बहुतेक सुटी लिहिलेली असतात. हिशेबात मात्र आकडे कधी कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांच्या, चिन्हांत असतात. तिथे सुरुवातीला सगळेच अडतात. ती पानं पहिल्या वर्षी बाजूला ठेवा.

मग ओळखायचं कसं? मजकूर समजून घेण्याआधी पहिली ओळ आणि शेवटची ओळ शोधा. कोर्टापुढचा कागद असेल तर सुरुवात साधारण 'आमच्यासमोर झालेल्या साक्षीचं स्मरण' अशा अर्थाच्या हिब्रू शब्दांनी होते. मग वार, तिथी, महिना, वर्ष, आणि गाव. गावाचं नाव नुसतं लिहून भागत नाही. 'नाईल नदीवर वसलेलं फुस्तात' असं पाणी सांगून लिहायचं. त्याच नावाचं दुसरं गाव निघालं तर घोळ नको म्हणून. बाराव्या शतकात त्यात आणखी एक शब्दसमूह येतो : अमुक गाओनच्या अधिकाराखाली. गाओन म्हणजे त्या वेळचे धर्मपीठाचे प्रमुख. हा तुकडा दिसला की देवच पावला म्हणायचं. तारखेचा भाग फाटलेला असला आणि 'मसलियाह' हे नाव शिल्लक असलं, तर कागद ११२७ ते ११३९ मधला.

शेवटी, सह्यांच्या वर, दोन शब्द शोधा : 'शारीर व-कय्याम', म्हणजे पक्कं आणि कायम. हे आपलं 'लेखनसीमा'. शिवाजी महाराजांच्या पत्राखाली 'मर्यादेयं विराजते' हा शिक्का का असतो ते तुम्हाला सांगायला नको, मजकूर इथे संपला, यापुढे कुणी घुसडलं तर ते आमचं नाही. अगदी तेच काम हे दोन शब्द करतात. त्यांच्या आधी बऱ्याचदा एक रुक्ष ओळ असते, ओळींच्या मध्ये लिहिलेला अमुक शब्द आणि खोडून दुरुस्त केलेला तमुक शब्द ग्राह्य आहे. नवशिके ती ओळ सोडून देतात. मी तिथूनच सुरू करतो, कारण लेखनिक कुठे अडखळला, घासाघीस कुठे झाली, ते तीच ओळ सांगते.

कायद्याचा कागद वाचताना माझा एकच मंत्र आहे : प्रत्येक कलमामागे कधीतरी झालेलं भांडण असतं. कलम काय म्हणतं यापेक्षा ते कुणाचं तोंड बंद करायला लिहिलंय ते विचारायचं.

तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात दस्त कसा लिहावा याची चर्चा आहे. त्यात सांगितलंय की तीन ते दहा हे आकडे ओळीच्या टोकाला लिहू नयेत. का? तर हिब्रूत आणि तिच्या नात्यातल्या जुन्या अरामी भाषेत तीनच्या शब्दाला शेपूट जोडलं की तीस होतात, आणि ओळीच्या टोकाला शेपूट जोडायला जागा असते. आपण चेकवर अक्षरी रक्कम लिहून पुढे 'फक्त' टाकतो आणि रेघ ओढतो, त्यामागचा संशय हाच. तसंच मजकूर आणि सह्या यांच्यात दोन ओळींची मोकळी जागा राहिली तर दस्त रद्द. मधल्या जागेत कुणी काय लिहील सांगता येत नाही.

किंवा 'किन्यान' घ्या. जवळजवळ प्रत्येक करारात म्हटलेलं असतं, 'त्याच्याकडून आम्ही योग्य अशा वस्तूने किन्यान घेतलं.' म्हणजे देणाऱ्याने साक्षीदाराचा रुमाल किंवा वस्त्राचं टोक हातात धरलं. नुसतं 'हो' म्हणणं पुरेसं नाही, हाताने काहीतरी धरायचं. पुढे लगेच, 'हे आत्तापासून लागू', आणि मग माझं सगळ्यात आवडतं कलम, 'हा पोकळ वायदा नव्हे आणि दस्ताचा नुसता नमुनाही नव्हे.' गंमत अशी की हे वाक्य स्वतःच नमुन्यातलं आहे, शेकडो दस्तांत शब्दशः तेच येतं. 'मी नुसती छापील फॉर्मवर सही केली होती' असं म्हणून हात वर करणारा माणूस त्याही काळी होता, हे त्यावरून कळतं.

वकीलपत्राचा मासला तर अफलातून आहे. जुन्या ज्यू कायद्यात दुसऱ्याकडे असलेली जंगम मालमत्ता किंवा येणं वसूल करायचा अधिकार तिसऱ्याला नुसताच देता येत नाही, पण जमिनीसोबत जोडून देता येतो. आता फुस्तातच्या कापूसविक्या माणसाकडे जमीन कुठली? मग युक्ती निघाली, प्रत्येक ज्यू माणसाचा इस्रायलच्या भूमीत काही वाटा आहेच, असं धरायचं. त्या वाट्यातली चार हात जमीन वकिलाला दिली आणि तिच्याबरोबर वसुलीचा अधिकार. दस्तात 'चार हात' दिसले की तिथे खरीखुरी जमीन शोधत बसू नका. मी शोधली होती. एका विधवेची पॅलेस्टाइनात मालमत्ता होती असं टिपणही करून ठेवलं होतं. सुदैवाने ते कुठे छापलं नाही.

खऱ्या घरांचे व्यवहार बऱ्याचदा काझीच्या पद्धतीने, अरबी लिपीत झालेले सापडतात. ज्यू विकणारा, ज्यू घेणारा, पण दस्त मुसलमानी कोर्टाला चालेल असा. स्वतःचं कोर्ट असताना लोक तिकडे का जात? कारण उद्या घराचा ताबा मिळवायला सरकारी शिपाई लागला, तर त्याला काझीचा कागद कळतो. या दस्तांत घराचे २४ हिस्से धरतात. 'चोवीसातले सहा' म्हणजे आपला चार आणे हिस्सा. एका घरात सहा भाऊबंद, एखाद्या धर्मादाय निधीचा वाटा, आणि माडीवर भाडेकरू. वाड्यात वाढलेल्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

तारखेच्या बाबतीत मी सपशेल आपटलेलो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. या दस्तांवर सेल्यूकिड कालगणना असते, सिकंदराच्या एका सरदाराच्या राजवटीपासून मोजलेली. ज्यू लोक तिला 'दस्तांची गणना' असंच म्हणत. बहुतेक ठिकाणी वाचाल की ३११ वजा करा, इसवी सन मिळेल. पण वर्ष बदलतं शरदात, तिशरी महिन्यात. तिशरीपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना ३१२ वजा करायचे, जानेवारीपासून ३११. आपल्या शकाला ७८ की ७९, तोच प्रकार. मी सरसकट ३११ धरत होतो. समजा कर्जखत १४४४ च्या किस्लेव (हिवाळ्यातला) महिन्यातलं आहे आणि फेडीची पावती त्याच १४४४ च्या निसान (वसंतातला) महिन्यातली. माझ्या हिशेबाने कर्ज ११३३ च्या डिसेंबरात निघायचं आणि फेड त्याच वर्षीच्या वसंतात, म्हणजे घेण्याआधीच परत! असे दोन-तीन 'आधीच फेडणारे' सज्जन सापडल्यावर माझी चूक लक्षात आली.

अक्षर ओळखायला शिकणं हे तारखेइतकंच कामाचं आहे. फुस्तातच्या कोर्टात हिलेल बेन एली आणि त्याचा जावई हलफोन बेन मेनाशे हे दोन लेखनिक होऊन गेले, सासरा अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात, जावई ११०० ते ११३८ च्या सुमारास. हलफोनच्या हातचे शेकडो कागद शिल्लक आहेत. त्याचं वळण एकदा डोळ्यात बसलं की तारीख-गाव काहीही नसलेला चिटोराही बोलू लागतो. जुन्या चिटणीसाचं मोडी वळण आपण ओळखतो तसंच.

केतुबांबद्दल खूप लिहिलं गेलंय, पण बहुतेकांचं लक्ष वरच्या नक्षीकडे जातं. तुम्ही यादीकडे जा. मूळ करार अरामीत असतो. नवऱ्याने द्यायच्या रकमेचे दोन भाग असतात : काही लग्नाच्या वेळी, उरलेली घटस्फोट झाला किंवा तो मेला तर. मग येते मुलीने आणलेल्या वस्तूंची यादी, आणि ती बोलीभाषेत, अरबीत. आधी सोनं-नाणं, मग कपडे, मग अंथरुणं-पांघरुणं, मग तांब्याची भांडी. प्रत्येक वस्तूपुढे दिनारांत किंमत. रुखवत मांडल्यावर मावश्या बघतात त्याच क्रमाने, फक्त इथे किंमत लिहून घेतलेली, कारण उद्या मोडलं तर तेवढं परत द्यायचं आहे. काही याद्यांत एक खोचक पुरवणी असते, यातला दिनार म्हणजे खरा पुरा दिनार. मिरवण्यासाठी आकडे फुगवून लिहायची पद्धत होती, त्यावर हा लगाम. भांडणाचा मंत्र इथेही लागू पडतो. नवरा तिला न आवडणारी दासी घरात ठेवणार नाही, दुसरी बायको करणार नाही, तिच्या खर्चाची सोय केल्याशिवाय परदेशी जाणार नाही, घरखर्चाच्या बाबतीत तिच्याकडून शपथ मागणार नाही. ही कलमं काही आकाशातून पडलेली नाहीत.

आणि दिनार म्हणजे किती? सोन्याचं नाणं, सुमारे सव्वाचार ग्रॅम. हे कागद ज्यांनी जगापुढे आणले ते शेलोमो डोव्ह गोइटाइन (१९००–१९८५) यांचा अंदाज असा की खालच्या मध्यमवर्गातल्या कुटुंबाचा महिना २ दिनारांत भागायचा. हा एक आकडा खिशात ठेवा, प्रत्येक कागदावर उपयोगी पडतो.

उदाहरणार्थ वुहशा. खरं नाव करीमा, अलेक्झांड्रियाच्या अम्मार नावाच्या सराफाची मुलगी, ११०० च्या आसपास फुस्तातमध्ये राहणारी. तिच्या नावापुढे 'अल-दल्लाला' लागतं, म्हणजे दलालीण. तिच्या मृत्युपत्रात सुमारे ७०० दिनारांचा हिशेब आहे. वरच्या मापाने बघा, साध्या कुटुंबाचा जवळजवळ एकोणतीस वर्षांचा खर्च, आणि तो एका बाईने बाजारात कमावलेला. तिचा हस्सून नावाच्या माणसाशी संबंध होता, ज्यू रीतीने लग्न नव्हतं. दिवस राहिल्यावर, हा उद्या मूल नाकारेल म्हणून तिने सल्ला विचारला. सल्ला मिळाला, साक्षीदार बोलाव आणि त्यांना तुम्हा दोघांना एकत्र पाहू दे. तिने तसं केलं. तिच्या मुलाचा बाप कोण, हे पुढे कोर्टात नोंदवलं गेलं म्हणून आपल्याला ही हकीकत कळते. योम किप्पुरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या, दिवशी तिला सिनेगॉगमधून बाहेर काढलं होतं, हेही त्याच साक्षीतून कळतं. आणि मृत्युपत्रात? सिनेगॉगच्या दिव्यांना तेल, लोकांना रात्री अभ्यास करता यावा म्हणून. हस्सूनला छदामही नाही. कोरडा, कलमवार दस्त आहे, पण भर चौकातल्या भांडणापेक्षा जास्त ऐकू येतो.

व्यापाराच्या कागदांत करार कमी, पत्रं जास्त. याचं कारण समजून घ्या. बरेच व्यापारी एकमेकांची कामं दलाली न घेता करायचे. तू माझं अंबाडीसारखं जवसाचं सूत सिसिलीत विकून दे, मी तुझी मिरी इथे खपवतो. या नात्याला ते 'सोहबत' म्हणत (शब्द ओळखीचा आहे, अर्थ जरा वेगळा). त्याचा दस्त होत नसे. त्यामुळे पत्र हेच खातं, तेच बाजारभावाचं पत्रक, तेच तक्रारीचं निवेदन, आणि वेळ आली तर पुरावाही. आजच्या ट्युनिशियातल्या कैरवानहून इजिप्तमध्ये आलेल्या नहराय बेन निस्सीमच्या संग्रहातली शेकडो पत्रं शिल्लक आहेत, अकराव्या शतकातली. दहा ओळी आशीर्वाद, मग 'तुझं पत्र आलं नाही' हा रुसवा, मग मालाची यादी, मग कुणाकुणाला नमस्कार. वर्ष लिहीत नाहीत. तारीख असते ती दिवस-महिन्याची, बस.

जिथे करार असतो तिथे दोन प्रकार ओळखून ठेवा. ज्यू कायद्यातली 'इस्का', तिच्यात दिलेलं भांडवल अर्धं कर्ज आणि अर्धी ठेव धरतात, म्हणजे काम करणाऱ्यालाही तोट्याचा वाटा. आणि मुसलमानी 'किराद' : भांडवल एकाचं, मेहनत दुसऱ्याची, नफा बहुधा दोन-तृतीयांश आणि एक-तृतीयांश, आणि बुडालं तर भांडवलवाल्याचं. ज्यू व्यापारी सर्रास दुसरा प्रकार निवडत आणि दस्तात सरळ 'परधर्मीयांचा किराद' असं लिहीत. लांबच्या सफरीला निघणारा माणूस तोटा डोक्यावर घेऊन जाणार नाही, एवढं साधं गणित. बाराव्या शतकातला प्रसिद्ध ज्यू धर्मपंडित आणि वैद्य मैमोनिदीस याचा भाऊ डेव्हिड हिंदी महासागरात बुडाला. त्याच्याजवळ स्वतःचा, मैमोनिदीसचा आणि इतरांचा पैसा होता. असल्या वेळी कोणाचं किती बुडालं हे फक्त कागदच सांगतो.

रकमेचे लहान चिटोरे भेटतील : अमक्याला इतके दिनार द्या. यांना 'रुका' म्हणत. रुक्का हा शब्द आपल्याकडेही होताच. आणि 'सुफ्तजा' म्हणजे हुंडी.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आपला किनारा. आहे, आणि अगदी नावाने आहे.

११४० च्या दशकातलं एक पत्र. लिहिणारा महरूझ नावाचा नाखुदा, मंगळूरहून. ज्याला लिहिलंय तो अबू झिक्री, त्याचा मेहुणा, फुस्तातच्या मोठ्या व्यापाऱ्यांपैकी. अबू झिक्रीचं जहाज चाच्यांनी पकडलं आणि तो कसाबसा भडोचला पोहोचला, असं महरूझला कळलेलं. धीर देणारे चार शब्द लिहून महरूझ मुद्द्यावर येतो : सोन्याची गरज पडली तर माझ्या नावावर नाखुदा तिंबूकडून घ्या, तो ठाण्याला आहे, आणि त्याचं माझं नातं न तुटणाऱ्या मैत्रीचं, भावाभावाचं आहे.

मूळात 'ताना' असं लिहिलंय. मी मुंबईला लोकलने जाताना ठाणं आलं की अजूनही तिंबू आठवतो. या ओळीकडे दस्त म्हणून बघा. मंगळूरचा ज्यू, भडोचमध्ये अडकलेल्या ज्यूला, ठाण्यातल्या एका जहाजवाल्याकडून पैसे उचलायला सांगतोय. कुठलंही हमीपत्र नाही, साक्षीदार नाहीत, किन्यान नाही. रुमालाचं टोक कुणी धरलेलं नाही. फुस्तातच्या कोर्टात जे लोक तीनचे तीस होतील म्हणून ओळ मोडायला घाबरत, तेच इथे एका नावावर सोनं उचलायला सांगतात.

मंगळूरचा अब्राहम बेन यिजू तुम्ही ऐकलाच असेल. मूळचा आजच्या ट्युनिशियाचा, एडनमार्गे इकडे आला आणि मलबार किनाऱ्यावर पितळी-काशाच्या भांड्यांचा कारखाना काढला. एडनहून मोडकी भांडी आणि तांबं यायचं, इथे नवीन घडवून परत जायचं. एडनच्या बंदराचा मोठा माणूस मदमून बेन हसन त्याचा आश्रयदाता. तोच एका पत्रात मंगळूरच्या बनिया व्यापाऱ्यांबरोबर भागीत जहाज पाठवण्याची गोष्ट काढतो. वेलदोड्याचे पैसे आगाऊ घेऊन माल न देणाऱ्या एका 'कारदाल'बद्दल कुरकुरही आहे. हा शब्द वाचून मला तरी आपला कारदारच दिसला. आणि एडनहून त्याला भेट म्हणून काय यायचं? साखर, बेदाणे, आणि कागद. इकडे लिहायला चांगला कागद मिळायचा नाही.

त्याच्या हातचा सगळ्यात बोलका दस्त १७ ऑक्टोबर ११३२ चा, मंगळूरचा. अशू नावाच्या दासीला त्याने मुक्त केलं. नवीन नाव दिलं बेराखा. फुस्तातचा लेखनिक लिहील तोच साचा, तीच 'दस्तांची गणना' (१४४४, करा वजा ३१२), फक्त नाईलच्या जागी समुद्राकाठचं मंगळूर. कोर्टापासून हजारो मैलांवर, आसपास दुसरा लेखनिक नसताना, माणसाने साचा आठवून आठवून स्वतः लिहिलाय. पुढे ११४९ साली तो मुलांना घेऊन एडनला परतला. मुलगी सित्त अल-दार हिचं लग्न ११५६ साली फुस्तातमध्ये त्याच्या भावाच्या मुलाशी झालं. या मुलांची आई बहुधा अशूच. मुक्तीचा दस्त नीट असणं किती गरजेचं होतं, ते त्या लग्नाकडे बघितल्यावर कळतं.

एक खबरदारी. या पत्रांत भारतात ये-जा करणारे ज्यू हे मगरिब (उत्तर आफ्रिकेचा पश्चिम भाग), इजिप्त, एडनचे. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाची परंपरा वेगळी आहे, दोन्हींची सांगड घालून मोकळं होऊ नका. समाजमाध्यमांवर ते रोज होतं.

कागदाची पाठ बघायची सवय लावा. कागद महाग, त्यामुळे कोरी पाठ कुणी सोडत नसे. बेन यिजूने आलेल्या पत्रांच्या पाठीवर हिशेब लिहिलेत. त्या वेळी इजिप्तवर राज्य करणाऱ्या फातिमी खलीफांच्या दरबाराची फर्मानं लांबरुंद, ओळींत वीत-वीत मोकळी जागा सोडून लिहिलेली असत, हा सरकारी थाट. ती रद्दीत आली की कापून त्याच मोकळ्या जागेत कुणीतरी हिब्रू कविता उतरवायचा. म्हणून आधी ठरवा की तुम्ही कोणती बाजू वाचताय, आणि दोन्ही बाजू एकाच माणसाच्या आहेत असं कधीही धरू नका.

सुरुवात कशाने करावी? प्रिन्स्टन गेनिझा प्रोजेक्टवर कागदांची लिप्यंतरं आणि बऱ्याच ठिकाणी भाषांतरं मोफत आहेत, केंब्रिजच्या डिजिटल लायब्ररीत स्वच्छ छायाचित्रं. लिप्यंतर असलेला एखादा केतुबा निवडा आणि फक्त वस्तूंची यादी वाचा : वस्तू, आकडा, दिनार, वस्तू, आकडा, दिनार. महिनाभरात हात बसेल. मग हलफोनचा एखादा दस्त. पत्रं त्यानंतर. आणि पत्र संपलं असं वाटलं की छायाचित्र उलटं फिरवून समास बघा. जागा संपल्यावर हे लोक कडेने, वरून, डोक्यावर उलटं असं लिहीत जातात, आणि चार पानं आशीर्वाद झाल्यावर कामाची गोष्ट पुष्कळदा तिथेच कोंबलेली असते.